जहाजाचं स्नानसुतक

दुसरं महायुद्ध संपल्यावर मी कुंभकोणमला परतलो तो थेट ओसरीवर. समुद्र ओलांडलेल्याने प्रायश्चित्त घेतल्याशिवाय पंगतीत बसायचं नाही, हा थोरल्या भावाचा कायदा. भाऊ वाईट नव्हता. माझं पान बाहेर मांडताना त्याची नजर खाली असे. पण प्रायश्चित्त घ्यायचं म्हणजे जहाजावर चढलो हे पाप झालं असं म्हणायचं, आणि ते माझ्या तोंडून काही केल्या निघेना. हट्टी म्हणा हवं तर. एकोणीसशे पन्नास साल उलटलं तरी माझं केळीचं पान ओसरीवरच.

जहाजाला नाव नव्हतं, नुसता नंबर. रणगाडे वाहणारी अशी जहाजं युद्धात इतकी बांधली की बारशाला सवड कुणाला! तळ सपाट, त्यामुळे भलतंच डुलायचं. किनाऱ्याच्या वाळूत नाक खुपसायचं, पुढचे दोन दरवाजे उघडायचे आणि पोटातून रणगाडे बाहेर पडायचे. मी खाली इंजिनघरात. मला नुसता गडगडाट कळे. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर रणगाडे उतरवले, परतताना त्याच जागेत जखमींना निजवलं. लढाई थांबल्यावर सुटलेले युद्धकैदी आणले, मग तांदूळ. तो तांदूळही समुद्र ओलांडूनच आला. त्याला कुणी ओसरीवर बसवलं नाही.

हे सांगणार कुणाला? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, घरात मराठी, बाहेर तमिळ. जहाजाची गोष्ट दोन्हींत कुणालाच नको होती. ते जहाज माझं होतं, एवढं घरातल्या एकाने तरी मानावं, याची मला भूक होती.

एकदा बसस्टँडवर इंजिनघरातला जुना सोबती भेटला. समई घ्यायला जवळच्या स्वामीमलैला निघाला होता. कॉफी पिताना सहज म्हणाला, आपलं जहाज मुंबईत भंगारात मोडलं. आधी पुढचे दरवाजे कापले म्हणे.

त्याला बसमध्ये बसवून मी कावेरीवर गेलो. दूरचा आप्त गेल्याचं फार उशिरा कळलं, की आमच्यात नेसत्या कपड्यांनिशी बुडी मारतात; तेवढ्याने सुतक फिटतं. मी तशी बुडी मारली. दुसरं काही सुचेना आणि रडू आवरेना.

ओलाचिंब घरी आलो. आई परसात विहिरीपाशी होती. मला पाहून तिच्या हातातली घागर थांबली.

"अय्यो, कोण गेलें रे?"

"माझें जहाज."

भाऊ दारातून म्हणाला, "लोखंडाचें कसलें सुतक?"

आई त्याच्याकडे वळलीदेखील नाही. "त्याचें गेलें, तर माझेंही गेलें," म्हणाली आणि भरली घागर लुगड्यानिशी डोक्यावर ओतून घेतली.

त्या दुपारी तिने ओसरीवर दोन पानं मांडली. माझ्या शेजारी बसली, भात कालवला आणि म्हणाली, "सांग आतां, कसलें होतें तें?"

इतक्या वर्षांचं सगळं ओठांवर होतं. मी हातातला घास पानावर ठेवला आणि जहाजाच्या नंबरापासून सांगायला लागलो.