बोरवाडी ओढ्याच्या अलीकडे

"मला अटक करायची तर खुशाल करा फौजदारसाहेब, पन बोरवाडीला जाऊन आल्यावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"अटक आल्यावर होत नाही बाई, गेल्यावर होते," मी म्हणालो. "तुमचा पाय ओढ्यापलीकडे पडला की तुमची रवानगी परत कॅम्पात. ती मलाच करावी लागेल."

लढाईची वर्षं होती. मी पाथर्डी तालुक्यात फौजदार होतो. आज ज्याला सब-इन्स्पेक्टर म्हणतात, तोच तेव्हाचा फौजदार. तिसगावची चौकी माझ्याकडे होती आणि चौकीबरोबर या बाईही माझ्याकडे होत्या, म्हणजे सरकारदरबारी. नाव डॉक्टर मार्टा लिंडनर. तिसगावात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, तो त्या चालवायच्या. तिथल्या ख्रिस्ती बायकांनी त्यांची मार्थाबाई करून टाकली होती. मराठीही त्या याच बायकांकडून शिकल्या, त्यामुळे ही गोरी बाई 'लई' आणि 'न्हाई' असं तिसगावी ठसक्यात बोलायची. पहिल्यांदा ऐकणारा हमखास हसायचा.

त्यांचा जन्म ऑस्ट्रियातला. ज्यू असल्यामुळे नाझींच्या तावडीतून जीव वाचवून इकडे आल्या. पण ऑस्ट्रिया जर्मनीनं गिळलेला, म्हणून पासपोर्ट जर्मन. ज्यांनी बाईंना घराबाहेर काढलं, त्यांच्याच माणसांत आमच्या सरकारनं बाईंना धरलं. कायद्याच्या भाषेत 'एनिमी फॉरेनर', म्हणजे शत्रूच्या देशाचा माणूस. लढाई लागताच काही महिने नजरकैदेच्या कॅम्पात ठेवलं, मग चौकशी होऊन पॅरोलवर सोडलं. पॅरोल म्हणजे शब्दावर सुटका. दर आठवड्याला चौकीत हजेरी द्यायची. रेडिओ, कॅमेरा, नकाशा जवळ ठेवायचा नाही. आणि दवाखान्यापासून पाच मैलांच्या पलीकडे परवान्याशिवाय जायचं नाही.

परवाना मिळायचा, नाही असं नाही. अर्ज माझ्याकडे, माझ्याकडून नगरला डी.एस.पी. साहेबांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाकडे, तिथून कलेक्टर, तिथून मुंबई. नगरच्या किल्ल्यात तेव्हा काँग्रेसचे बडे पुढारी कैदेत होते, हे मी सांगायला नको. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या परदेशी माणसावर सरकारची नजर जरा जास्तच बारीक.

ही पाच मैलांची हद्द एका बाजूला बोरवाडीच्या ओढ्यावर संपायची. ओढ्याच्या अलीकडे हिवरे गावचं गायरान, पलीकडे बोरवाडीची शीव. गाव तिथून हाकेच्या अंतरावर. दिवाळी झाली आणि बोरवाडीत उंदीर पडायला लागले. मग माणसांना गाठी आल्या. प्लेग.

प्लेगच्या गावातून कुणी बाजारपेठेत येऊ नये असा कलेक्टरांचा हुकूम आला. मी ओढ्यावर नाका बसवला आणि दोन शिपाई ठेवले. आता गंमत बघा. डॉक्टरला पलीकडे जाता येईना, आजाऱ्याला अलीकडे येता येईना, आणि दोन्ही हुकूम बजावणारा मी एकटाच. सरकारी डॉक्टरांतले निम्मे लढाईवर गेलेले. तालुक्याला जो एक उरला होता, तो दुसऱ्या टोकाला लस टोचत फिरत होता.

बोरवाडीचे सखाराम पाटील त्या दिवशी नाक्यावर येऊन गेले होते. त्यांची लेक गंगू पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली होती. तिच्या जांघेत गाठ आली होती आणि अंगात ताप फणफणत होता. शिपायानं ते मला सांगितलं. माझ्याआधी ते दवाखान्यात पोचलं होतं. म्हणून बाई माझ्यासमोर उभ्या होत्या.

"सल्फाच्या गोळ्या हायत माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "येळेवर दिल्या तर पोरगी वाचंल."

गोळ्या शिपायाबरोबर पाठवू का, असं मी विचारलं. पाठवा, पण गाठ कोण बघणार, कापायची कधी हे कोण ठरवणार, असं त्यांनी मलाच विचारलं. तरीही पहिल्या गोळ्या मी लगेच पोचत्या केल्या. मग सर्व्हिस मोटार पकडून नगर गाठलं.

डी.एस.पी. साहेब इंग्रज होते. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाबाहेर त्याला काही दिसायचं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, वर पाठवतो म्हणाले.

"उत्तर कधी येईल, सर?"

"येईल तेव्हा. तोवर तिनं हद्द ओलांडली तर ती कॅम्पात जाईल. आणि तुम्ही ट्रेझरीच्या पहाऱ्यावर."

मी सलाम ठोकून बाहेर पडलो. मला राग आला होता. ट्रेझरीच्या पहाऱ्याचं एवढं काही नव्हतं. पण तो माणूस जे म्हणाला त्यात नियमानं एकही चूक नव्हती, आणि तिकडे एक पोर तापानं होरपळत होती.

परतताना मोटार एका गावावरून गेली. गाव ओस, आणि थोडं पुढे रानात पाचटाच्या, कडब्याच्या झोपड्यांची रांग. तिथेही प्लेग होता. आपल्याकडे ही जुनी रीत. उंदीर पडले की गाव सोडायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत रानात राहायचं. पिसवा उंदरावर, उंदीर घरात, त्यामुळे माणूस घराबाहेर पडला की निम्मा प्लेग मागे राहतो. कारण लोकांना ठाऊक असो नसो, रीत ठाऊक होती. त्या झोपड्या बघितल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोरवाडीही आज ना उद्या निघणारच होती. मग कुणीकडे निघायचं, एवढंच ठरवायचं होतं.

मी तसाच ओढ्यावर गेलो आणि सखाराम पाटलांना बोलावणं धाडलं. ते पलीकडच्या काठावर उभे राहिले, मी अलीकडच्या.

"पाटील, झोपड्या कुठं घालताय?"

"आमच्या माळावर. मागल्या येळंला घातल्या हुत्या तितंच."

"यंदा ओढ्याच्या अलीकडे घाला, गायरानात. बाईंना तिकडे यायची बंदी आहे. तुम्हाला इकडे यायची बंदी माझ्या नाक्याची आहे, तो नाका मी मागं नेतो. तिसगावच्या वाटेवर नेऊन ठेवतो."

"सरकार हललेलं मी आजच बगतोय," पाटील म्हणाले आणि गावाकडे वळले.

मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. बाईंना सांगितलं तर त्यांनी लगेच तंबू, गोळ्या, लस, स्टोव्ह अशी बांधाबांध सुरू केली. माझ्या हिशेबात हिवरेकर मात्र आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरवाडी निघाली. पुढे गंगूची बाज चौघांच्या खांद्यावर, मागे गाडगी-मडकी, शेरडं, म्हातारी माणसं. आणि अलीकडच्या काठावर हिवऱ्याचे तीस-चाळीस गडी काठ्या घेऊन उभे. बाज घोटाभर पाण्यात मधोमध थांबली.

हिवरेकरांचं म्हणणं काय होतं ते सांगतो. पूर्वी गावात रोगराई आली की मरीआईचा गाडा करायचे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळदीकुंकू, लिंबं. तो वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलून द्यायचा. रोग गाड्याबरोबर गेला अशी समजूत. मग ते गाव तो पुढे ढकलणार. हिवरेकरांना बोरवाडीचा हा सगळा लवाजमा म्हणजे तसाच एक गाडा वाटत होता, आणि तो ढकलायला खुद्द फौजदार उभा.

त्यांचे नामदेव पाटील पुढे झाले. म्हातारा पिकल्या मिशांचा, आवाज खणखणीत. "फौजदार, तुमच्या हातात हुकूम आसंल. पन आमच्या शिवंत गाडा आमी येऊ देनार न्हाई."

माझ्याजवळ चार शिपाई होते आणि दंडुके होते. मनात आणतो तर वाट मोकळी केली असती. पण झोपड्या कडब्याच्या. शेजारी वैरी करून तिथे कुणी किती दिवस टिकणार? दंडुका मी काखेतच ठेवला. शिवाय माझं निम्मं लक्ष बाईंच्या पायांकडे होतं. त्या अगदी पाण्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि बाज त्यांच्यापासून दहा पावलांवर होती. ती दहा पावलं त्यांनी टाकली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

बाईंनी पाऊल टाकलं नाही. त्या हिवरेकरांकडे वळल्या आणि त्यांना उंदराचं, पिसवांचं सगळं शास्त्र सांगितलं. अंथरुणं उकळून घेईन, आधी तुम्हाला लस टोचीन, म्हणाल्या. कुणी जागचं हललं नाही.

मग नामदेव पाटलांनी विचारलं, "तुमी सांजच्याला तिसगावला माघारी जानार, व्हय ना?"

"न्हाई. मी हितंच ऱ्हानार," बाई म्हणाल्या. "माझा तंबू ह्यांच्या अन तुमच्या मधी. आलंच काय तर पैलं माझ्या अंगावर यील."

बाजेवर गंगू कण्हली. मग म्हातारा आपल्या माणसांकडे तोंड करून म्हणाला, "गाडा ढकलनारं मागं वळून बगत न्हाई, पळून जातं. ही बाई ऱ्हाते म्हनती. मंग ह्यो गाडा न्हाई. पाव्हने हायती."

काठ्या खाली आल्या. पाटलांनी अटी घातल्याच: बोरवाडीची मरीआई पलीकडेच राहील, पाणी ओढ्यातल्या झऱ्याचं भरायचं, आमच्या विहिरीवर यायचं नाही, आणि शिवेवर नारळ फोडायचा. नारळ मी माझ्या पदरच्या पैशानं आणवून फोडला. बाज काठाला लागली तेव्हा बाई तिच्यावर अक्षरशः झेपावल्या.

हद्दीच्या आत कुठे मुक्काम करायचा, ही गोष्ट माझ्या अखत्यारीत होती. ती परवानगी मी तिथेच दिली. त्यांची हजेरी घ्यायला मीच तंबूवर जायचो. त्या तंबूत चहा फार चांगला मिळायचा.

सगळे वाचले असं मी म्हणणार नाही. दोन म्हातारी माणसं आणि एक ऐन उमेदीचा गडी गेला. त्याच्यासाठी बाई रडल्या, आणि कुणापासून लपवलंही नाही. पण गंगूची गाठ पिकली, बाईंनी ती कापली, आणि पोरगी हळूहळू उठून बसली, मग चालू लागली. हिवऱ्यात सगळ्यांत आधी नामदेव पाटलांनी लशीसाठी दंड पुढे केला. त्या गावात एकालाही प्लेग झाला नाही.

मध्ये एकदा डी.एस.पी. साहेबांची गाडी न सांगता आली. त्यांनी झोपड्या बघितल्या, तंबू बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"ती हद्दीबाहेर गेली?"

"नाही, सर. हद्द तो ओढा. तिनं पाण्याला पायसुद्धा लावला नाही."

"मग हे गाव?"

"ते हद्दीत आलं, सर. ते परदेशी नाही."

साहेबांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "आणि नाका कुणी हलवला?"

"मी. हुकूम तिसगावच्या बाजारात कुणी येऊ नये असा होता. एकही माणूस आला नाही."

साहेब काही न बोलता तंबूत गेले, बाही वर करून लस टोचून घेतली आणि निघून गेले. पोलीस खात्यात साहेब काही न बोलता गेला, की शाबासकी मिळाली असं समजायचं.

उन्हं तापली आणि रोग हटला. लोकांनी घरांची मातीची सपाट धाबी वरून उघडी केली, आत ऊन खेळू दिलं. परतायला अजून काही दिवस होते. नेमका तेव्हा मुंबईहून परवाना आला. डॉक्टर लिंडनर यांस बोरवाडी गावठाणात एक दिवस जाण्यास परवानगी आहे. गावठाणात तेव्हा चिमण्यांशिवाय कुणी नव्हतं.

मी हसत हसत तो बाईंना दाखवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जाऊ या.

ओढ्याशी आल्यावर त्या सवयीनं थांबल्या. हातात परवाना असून थांबल्या. मी म्हणालो, "चला बाई, आज चालतं." मग त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय टाकला.

रिकाम्या गल्लीतून आम्ही हिंडलो. दारं सताड उघडी, चुली थंड, उघड्या धाब्यातून ऊन थेट जमिनीवर आलेलं. एका उंबऱ्याशी बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.

"माझ्या गावात आमची गल्ली अशीच रिकामी हाय, फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या. "कुनाचंच पत्र येत न्हाई. तिथली मानसं रानात न्हाई गेली."

एवढ्यात ओढ्याकडून बायकांचा गलका ऐकू आला. गंगू आणि तिच्या भावजया खराटे, शेणाच्या पाट्या घेऊन येत होत्या, घरं सारवायला. बाईंना दारात बघून गंगू लांबूनच ओरडली, "मार्थाबाई, आत जाऊ नका, आजून सारवलं न्हाई." बाईंनी डोळे पुसले आणि उंबऱ्यावरच बसून राहिल्या, घर सारवून होईपर्यंत.

संध्याकाळी मी परवान्यावर 'परत आल्या' असा शेरा मारून तो नगरला पाठवला. पुढे मी अनेक फौजदार शिकवून तयार केले. त्यांना एकच सांगायचो: हुकूम हातात आला की तो कुणाला लागू आहे हे सगळेच वाचतात. कुणाला लागू नाही, तेही वाचत जा.