रेशमाखाली रेक्झिन

शिवणाच्या मशीनवर बसण्याआधी मास्तर वर्तमानपत्राची एक लांब उभी पट्टी फाडायचे आणि तिच्यावरची बातमी मोठ्यानं वाचायचे. पट्टी उभी फाडलेली, त्यामुळे बातमी अर्धीच. "मंत्री पुण्यात येऊन..." पुढं काही नाही. "बघ राव, मंत्र्याला इथंच शिवून टाकला!" म्हणायचे, पट्टी रेक्झिनखाली सरकवायचे आणि मशीन सुरू.

मंडळी, तुम्ही म्हणाल, हा काय चाळा? चाळा नव्हे. रेक्झिन, म्हणजे ते चामड्यासारखं दिसणारं प्लॅस्टिकचं कापड, मशीनला चिकटतं. त्यावर रेशीम ठेवाल तर रेशीम पळतं आणि रेक्झिन जागच्या जागी बसून राहतं. खाली कागद घातला की दोघं गुमान बरोबर चालतात. शिवून झालं की कागद फाडून टाकायचा. चिंचवड स्टेशनाबाहेर मास्तरांचं दुकान आणि त्याला लागून माझं सायकलचं. वारा सुटला की त्यांच्या अर्ध्या बातम्या माझ्या दुकानात यायच्या.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले होते, पण स्टेशनावर उतरलेल्या माणसाला घरी न्यायला टांगाच होता. टांग्यांच्या गाद्या मास्तर करत. लग्नसराईत नवरीच्या टांग्याला पडदे लागायचे, बाहेरून रेक्झिन, आतून रेशीम. हे काम पंचक्रोशीत त्यांनाच जमायचं.

आकुर्डीचा एक टांगेवाला एकदा अडून बसला. "मास्तर, टाका बारीक घाला की. ह्यो गोणपाटावानी दिसतोय."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोस्टाची तिकिटं बघितलीस कधी?"

"व्हय."

"ती झटकन फाटतात कशानं? भोकं जवळजवळ असतात म्हणून. रेक्झिनला बारीक टाका घातला, तर तुझी नवरी चिखलीत आणि पडदा देहूत!"

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. घरात थोरली बहीण, आपा. आईबाप लवकर गेले. आपांनी लोकांचे कपडे शिवून भावाला वाढवलं, मशीनही त्यांनीच शिकवली. त्यांचा स्वतःचा संसार सहा महिन्यांचा. नवरा साथीत गेला आणि लग्नातली रेशमी ओढणी ट्रंकेत राहिली. मास्तर पन्नाशीला आले तरी आपा रस्त्यातून ओरडायच्या, "टोपी सरळ कर, मवाल्या!" आणि मास्तर गिऱ्हाइकादेखत टोपी सरळ करायचे. मी हसलो की मलाही एक शिवी मिळायची.

त्या आपांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत. डॉक्टर म्हणाले, गादी ओली राहिली तर पाठीला जखमा होतील, खाली रेक्झिन घाला. घातलं. उन्हाळ्याचे दिवस. कूस बदलताना आपांची कातडी रेक्झिनला चिकटू लागली. तेव्हा मास्तरांनी ट्रंक उघडून ती ओढणी काढली.

"माझ्या ओढणीची गाढवाची झूल करतोस काय रे?" आपा म्हणाल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तीन दिवस दुकान बंद ठेवून त्यांनी ओढणी रेक्झिनवर शिवली, चादर केली. रेशमाला वळ्या पडून त्या पाठीला रुतू नयेत म्हणून मास्तरांनी चादरीच्या मधूनही टिपा मारल्या. दाखवायला माझ्याकडे आणली. टाके इतके बारीक, की बोट फिरवलं तरी लागत नव्हते.

"मास्तर, टाका बारीक झालाय," मी म्हणालो.

"लांब टाका आपाला टोचेल."

आता इतक्या वर्षांच्या कारागिराला सायकलवाल्यानं काय शिकवायचं? मी चादर घडी करून परत दिली.

आठ दिवसांत मधल्या टिपेवर रेक्झिन उभं फाटलं. वरचं रेशीम धड होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. ओल खाली गादीत मुरत गेली. आपांना कळत होतं. त्या दोन दिवस ओल्यात पडून राहिल्या, पण बोलल्या नाहीत. भावाच्या हातचं काम होतं. तिसऱ्या दिवशी वासावरून समजलं. तोवर पाठीला जखम झाली होती.

मास्तरांनी रेशीम उसवून नव्या रेक्झिनवर लावलं. या वेळी मध्ये टीप नाही. फक्त कडेनं, लांब टाक्यांची. पण जखम भरतेय की वाढतेय, हे त्यांना कळावं कसं? आपा भावाला पाठ दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारची अंडी विकणारी खाला दोन्ही वेळा येऊन त्यांचं अंग पुसायची.

"खाला, जखम कशीय?"

"बरी हाय."

असंच सांगायचं, अशी आपांनी तिला शपथ घातली होती. हे गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

म्हणून मास्तर रोज सकाळी चादर धुवायला स्वतः पवनेवर न्यायचे. आधी दगडावर पसरून रेशमावरचा डाग बघायचे. परतताना माझ्या दारात थांबून बोटांनी दाखवायचे, एवढा. आठवडाभर डाग आवळ्याएवढा होता. मग एकदा बोराएवढा. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला आणि सबंध बातमी वाचून दाखवली. पुढच्या सकाळी ते थांबले नाहीत. चादरीची घडी पोटाशी धरून माझ्या दुकानावरून सरळ निघून गेले. नंतर कधीच काही दाखवलं नाही.

पंधरा दिवसांनी आपा गेल्या. आम्ही पुरुष बाहेर बसलो. खाला आणि आणखी दोघींनी आत अखेरची आंघोळ घातली. मुसलमानांत रीत अशी, की मयताच्या अंगावर काही वाईट दिसलं तर आंघोळ घालणारीनं ते बाहेर सांगायचं नाही. चांगलं असेल तेवढंच सांगायचं.

खाला पदराला हात पुसत दारात आली. मास्तर उठले.

"खाला, पाठ?"

"साफ व्हती, भाई. लेकराच्या पाठीवानी."

मास्तरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "चादर कुठाय?"

खाला दारातच उभी राहिली. तिला वळसा घालून मास्तर परसात गेले. मी मागोमाग.

चादर धुऊन तारेवर वाळत घातली होती. रेशीम स्वच्छ. खालच्या कडेवरून पाणी अजून ठिबकत होतं.

"रोज तर मीच धुतो," मास्तर म्हणाले.