हेमंतच्या गाडीची सुई

फौजेतून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. काम व्हेईकल मेकॅनिकचं. बर्फात, वाळूत, चिखलात बंद पडलेल्या गाड्या चालू करायच्या. देवासला घरी परतल्यावर एका कारखान्याच्या गाड्या माझ्याकडे आल्या. आता निवांतपणा मिळेल असं वाटलं होतं. पण धारला अण्णा कानडे होते, आणि अण्णांकडे टेलिफोन होता.

अण्णा म्हणजे नाईक हेमंत कानडेचे वडील. हेमंत आमच्या कॉन्व्हॉयमध्ये ड्रायव्हर होता आणि उत्तरेच्या सीमेवर धारातीर्थी पडला. शेवटच्या सुट्टीत त्यानं एक जुनी पेट्रोल गाडी विकत घेतली होती. आईला दोन-चार वेळा फिरवलं आणि परत ड्यूटीवर गेला. ती गाडी अण्णांनी जपली. इतकी जपली की तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं डोकं फिरायचं.

"हवालदार, सुई लाल," अण्णा फोनवर म्हणाले.

"गाडी किती चालली होती?"

"चाललीच नाही. नुसती किल्ली फिरवली."

थंड इंजिनाची सुई किल्ली फिरवताच लालवर गेली, तर दोष इंजिनाचा नसतो. दोष सेन्सरचा असतो. इंजिनातलं पाणी किती तापलं ते हा सेन्सर डॅशबोर्डवरच्या सुईला सांगतो. बोटाएवढी पितळी वस्तू. मी तसं सांगितलं. अण्णांनी ऐकलं नाही. धारच्या एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्यानं रेडिएटर उतरवून धुतला. तिसरा माळवी थाटात म्हणाला, "भिया, गाडीच बदल डालो." त्याला अण्णांनी अंगणातून बाहेर काढलं. सुई लालच राहिली.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण धारजवळच्या अमझेऱ्याच्या शाळेत हेमंतचा फोटो लागणार होता. अण्णांची बदली तिथे असताना तो त्या शाळेत शिकला होता. शाळेनं जीप पाठवतो म्हटलं. अण्णांनी नकार दिला. हेमंतच्या कार्यक्रमाला हेमंतच्याच गाडीनं जायचं, हा त्यांचा हुकूम.

देवासच्या दुकानात सेन्सर मागितला. पहिला दिला त्याचे आटे जाड. दुसऱ्याचे आटे जमले, पण वायरची पिन वेगळी. दुकानदार म्हणाला, "चलेगा, भिया." मी म्हटलं, चालणार नाही. गोदामातून तिसरा आला, तो बरोबर निघाला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी धारला पोहोचलो.

आधी खात्री करून घेतली. जुन्या सेन्सरची वायर काढली. सुई लगेच खाली आली. म्हणजे वायर ठीक, मीटर ठीक, सेन्सर खराब. इंजिन थंड होतं. जुना सेन्सर सोडवला, नवा बसवला, सांडलं तेवढं पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. सुई हळूहळू मधोमध येऊन थांबली. पंखा फिरला. काम झालं.

"एवढंच?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच. आता हिला हात लावू नका."

रात्री काकूंनी, म्हणजे हेमंतच्या आईनं, आत जेवायला बोलावलं. मी गेलो. अण्णा मागाहून आले, हात पुसत.

सकाळी निघालो. मी चालवत होतो, अण्णा शेजारी, काकू मागे. अकराचा कार्यक्रम होता आणि हाताशी भरपूर वेळ होता. तिरला गाव मागे पडलं. सुई तळाशीच होती.

"बघा, कशी थंड चालतेय," अण्णा म्हणाले.

मला ते आवडलं नाही. इतक्या अंतरानंतर सुई हललीच नाही, तर ती थंड नसते, मुकी असते. तेवढ्यात तापलेल्या इंजिनाचा वास आला. मी गाडी निंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. रेडिएटर चटका देत होता. सेन्सरच्या आट्यांभोवती पांढरं काहीतरी दिसलं.

"अण्णा, हे काय आहे?"

"टेप."

"कोणी लावली?"

"एक थेंब येत होता. मी बंदोबस्त केला."

अण्णांची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर म्हणून गेली होती. गळती दिसली की त्यांना राहवत नसे. मी हात धुवायला गेलो तेव्हा त्यांनी सेन्सर काढला, नळाची टेप गुंडाळून परत बसवला.

"किती गुंडाळली?"

"पुरेशी."

"आणि तेव्हा पाणी सांडलं असेल."

"थोडं सांडलं."

"पुन्हा भरलंत?"

अण्णा रस्त्याकडे बघू लागले.

मी सावकाश सांगितलं. या सेन्सरला वायर एकच असते. दुसरी जोडणी आट्यांतून, इंजिनाच्या धातूशी. टेपनं तीच तोडली, म्हणून सुई मुकी झाली. पाणी कमी होतं, म्हणून इंजिन तापलं. आता ते थंड होईपर्यंत झाकण उघडता येणार नाही. उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल.

"मग ओलं फडकं टाकून उघडा."

"नाही."

"हवालदार, उशीर होतोय."

"तो तुम्ही काल केलात, अण्णा."

माझा आवाज चढला होता. काकू गाडीतून उतरल्या. राजगढकडे जाणारी बस येत होती. त्यांनी हात केला.

"अगं, कुठे निघालीस?" अण्णा म्हणाले.

"अमझेऱ्याला."

"आपण त्याच्या गाडीनं जायचं ठरलंय."

"तुम्ही ठरवलंय. फोटो माझ्या मुलाचा लागतोय, गाडीचा नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "अरविंद, यांना सावकाश आण."

बस त्यांना घेऊन गेली.

आम्ही दोघे निंबाखाली बसलो.  मग अण्णांनी विचारलं, "तुम्ही तिथे होतात ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"हो."

"सांगा."

मी सांगितलं. पलीकडच्या टेकडीवरून आमचा रस्ता दिसायचा. त्या दुपारी गोळाबारी सुरू झाली आणि पुढचा एक ट्रक रस्त्यात आडवा बंद पडला. त्याच्या पलीकडे ॲम्ब्युलन्स अडकली. आत जखमी होते. बंद गाड्या ओढून नेणारी माझी रिकव्हरी गाडी मागच्या वळणावर होती. रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडर साहेब होते.

"रिकव्हरी, कहाँ हो? ओव्हर."

"मोड़ पर, सर. आगे रास्ता जाम है. ओव्हर."

"किसी तरह निकलो. ओव्हर."

हेमंतचा ट्रक माझ्या पुढे होता. तो खिडकीतून मागे वळून म्हणाला, "उस्ताद, तुम्ही पोहोचेपर्यंत संध्याकाळ होईल. मी ढकलतो." त्यानं आपल्या ट्रकनं बंद ट्रक दरीच्या कडेला रेटला. ॲम्ब्युलन्स निघाली. पुढचा गोळा तिथेच पडला.

"त्याला त्रास झाला?"

"नाही, अण्णा. मी लगेच धावत पोहोचलो होतो. नाही."

"ॲम्ब्युलन्समधले?"

"वाचले. सगळे."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "त्याला थांबणं कधी जमलंच नाही," ते म्हणाले. मग स्वतःच उठले आणि शेजारच्या विहिरीवरून पाण्याची बादली भरून आणली.

इंजिन थंड झालं. मी सेन्सर काढून टेप सोलली, आटे पुसले, सेन्सर परत बसवला. गाडी चालू ठेवून पाणी हळूहळू भरलं. सुई मधोमध आली. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी काही सुचवलं नाही.

अमझेऱ्याला पोहोचलो तेव्हा भाषणं झाली होती. मुलं मैदानात रांगेत बसली होती. फोटोला हार काकूंनी घातला होता. अण्णा फोटोसमोर उभे राहिले, मग काकूंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. काकूंनी पाण्याचा पेला अण्णांच्या हाती दिला.

हेडमास्तरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला भाषण येत नाही. मी सावधान उभा राहिलो आणि त्या दुपारी त्या वळणावर पडलेल्यांची नावं घेतली. नाईक हेमंत कानडे. शिपाई मोहन सिंह. शिपाई थंगराज. रेटलेला ट्रक दरीत घसरू नये म्हणून ते दोघे त्याला साखळी लावत होते. मग मी खाली बसलो.

निघताना काकू माझ्याजवळ आल्या.

"त्या दोघांच्या आया कुठे असतात?"

"मोहन सिंहची कुमाऊंत, डोंगरात. थंगराजला कोणी नव्हतं. अनाथाश्रमात वाढला होता."

काकूंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं, मी दुरुस्त केलं.

"दरवर्षी श्राद्धाला हेमंतचं पान वाढते," त्या म्हणाल्या. "आता थंगराजचंही वाढीन."