वळण चालून बघणारी बाई

आमच्या सेलू तालुक्यात वळण आधी पायी चालून बघितल्याशिवाय त्यावरून गाडी न नेणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी मोठी नणंद आहे. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधलं तरी दुसरी सापडायची नाही. नवा रस्ता लागला की ताई गाडी कडेला लावतात, पदर खोचतात आणि वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. मधे वाकून डांबरावरून तळहात फिरवतात. एकदा त्या अशा वाकलेल्या असताना दोन मोटारसायकलवाले थांबले, "काकू, काय हरपलं?" म्हणाले आणि बिचारे शोधायलाही लागले. ताईंनी त्यांना खाली बसवून रस्ता दाखवला. "हे पाहा, इथली गिट्टी सुटून राह्यली. घरी जातानी हळू जाजा." दोघं मान डोलावून गेले. काय हरवलं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नसणार.

त्यांच्या गाडीच्या स्टीअरिंगवर दोन लाल टिकल्या चिकटवलेल्या आहेत, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे. हात तिथून हलायचे नाहीत. जेवताना बोलण्याच्या भरात त्या रिकामं ताट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे वळवतात आणि पाहुणे घास हातात धरून बघत राहतात. एक वही आहे, तिच्यात तालुक्यातली झाडून सगळी वळणं लिहिली आहेत: कुठल्या कडुलिंबापाशी ब्रेक सोडायचा, कुठल्या पुलाआधी नजर कुठे न्यायची. माझे यजमान गाडी चालवत असले की त्या मागच्या सीटवरून कण्हल्यासारखा आवाज काढतात. "अरे, तू ब्रेक दाबून नाई राह्यला, ब्रेकले लाथ मारून राह्यला." त्यावर यजमान गाडी थांबवतात, बहीणभावांचं भांडण होतं, आणि उरलेला रस्ता ताई चालवतात. मला वाटतं, भांडण त्यासाठीच असतं.

ताई पहिल्यापासून अशा नव्हत्या. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरण्यात त्यांची वीस वर्षं गेली. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं आणि आपली छोटी पांढरी गाडी सगळे चालवतात तशी चालवली. मग एका संध्याकाळी त्या सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून अल्लीपूरहून परत येत होत्या. अल्लीपूर हे सासूबाईंचं माहेर, तिथे त्यांची बहीण राहते. वळणावर कुणाचं तरी डिझेल सांडलेलं, पुढे एक सायकलवाला. ताईंनी जोरात ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गरकन फिरली, रस्ता सोडून खाली उतरली आणि एका बाभळीपासून हातभर अंतरावर, तोंड उलट्या दिशेला करून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. मावशींनी दिलेल्या पाटोडीचा रस्सा तेवढा सगळ्या सीटवर सांडला. सायकलवाला मागे न बघता निघून गेला.

घरी आल्यावर सासूबाई एक वाक्य बोलल्या. "मी आता हिच्या गाडीत बसत नाई." आणि खरंच बसल्या नाहीत. अल्लीपूरला जायचं झालं की गुडघे धरून एसटीत चढायच्या, वर्ध्याला उतरून दुसरी बस पकडायच्या. ताई गाडी घेऊन स्टँडपर्यंत त्यांच्यामागे जायच्या, बस सुटेपर्यंत उभ्या राहायच्या आणि रिकामी गाडी घेऊन परत यायच्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ताई मला म्हणाल्या, "वंदना, मी शाळेत नाव टाकलं."

"कसल्या शाळेत?"

"रेसच्या."

हैदराबादच्या बाहेर हौशी लोकांसाठी एक ट्रॅक आहे. आपापली गाडी घेऊन जायची, दोन दिवस शिकायचं. त्यांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. सोबतीला मी हवी होते. सासूबाईंना आम्ही "ऑफिसचं प्रशिक्षण" असं सांगितलं, आणि ते अर्धं तरी खरं होतं.

तिथे पोचलो तर सगळी पंचविशीतली पोरं, जमिनीला टेकलेल्या, छातीत धडधडणाऱ्या गाड्या. त्यांच्यामध्ये पंजाबी ड्रेस घातलेल्या, त्रेपन्न वर्षांच्या ताई. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून मी तिथेच वेणी घालून दिली. ट्रॅकवर गेल्यावर ताईंनी प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. मागून कुणी आलं की बाजूला होऊन, काचेतून हात काढून, गावच्या रस्त्यावर देतात तशी वाट दिली. पोरं हसली. पण तासाभरात मी बघितलं, त्यातले दोघं-तिघं पुढे जाताना हात करून जायला लागले होते.

खरी परीक्षा दुपारी होती. गुळगुळीत काँक्रीटच्या मैदानावर पाणी सोडलेलं, आणि मधे केशरी प्लास्टिकचे शंकू. वेगात यायचं, वळायचं, ब्रेक दाबायचा. गाडीचा मागचा भाग सुटला की ब्रेक सोडून, जिकडे जायचं तिकडे बघत तिला सावरायचं. शिकवणारा माणूस मेंदी लावलेल्या दाढीचा, शांत. ताई पहिल्यांदा आल्या आणि गाडी गरकन फिरली. दुसऱ्यांदा फिरली. तिसऱ्यांदा दोन शंकू उडवून फिरली. जाळीपलीकडून मी मोजत होते. सात वेळा गाडी उलट्या तोंडाने उभी राहिली. पोरांचं हसणं आता थांबलं होतं. तो माणूस प्रत्येक वेळी काचेशी जाऊन एकच सांगायचा, "मॅडम, आँखाँ किधर हैं आपके? जिधर देखेंगे, गाडी उधरीच जायेगी."

आठव्यांदा ताई गाडीतून उतरल्याच. माझ्यापाशी आल्या. ओठ पांढरे पडले होते.

"मी डोये मिटतो, वंदना."

"काय?"

"गाडी सुटली की डोये मिटतो मी. त्या दिवशीबी मिटले होते. आईनं आरशात पाह्यलं." मग म्हणाल्या, "गाडी फिरली म्हणून नाई सोडलं तिनं बसणं. मी तिले सोडून देल्लं म्हणून."

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू बस बाजूले. आता बाजूले कोणी बसलं असलं तं पुन्हा मिटणार नाई."

मला गाडीचं काही कळत नाही. मी बसले, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं तेव्हा पट्टा लावून झालेला होता. मैदानाच्या टोकाकडून गाडी सुटली. पाण्याचा पट्टा आला, ताईंनी ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग सुटला. गाडी आडवी सरकत होती. मी ओरडले. आणि त्या ओरडण्याच्या वर मला ताईंचा आवाज ऐकू आला, स्वतःलाच दटावणारा: "पाह्य! पाह्य! पाह्य!" गाडी एकदा डावीकडे झुलली, एकदा उजवीकडे, आणि सरळ झाली. समोर मैदान मोकळं होतं. ताईंचे डोळे इतके मोठे उघडे होते की मला त्यांचीच भीती वाटली.

त्यानंतर त्या दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिल्या, एकट्या. वेळ नोंदवायची तर नेहमी शेवटून पहिल्या. पण वही, टिकल्या, वळणं चालून बघणं हे सगळं तिथूनच आलं.

थंडीत एका सकाळी आम्ही दोघी हिंगणघाटला निघालो होतो. कापसाचा हंगाम, रस्त्याच्या कडेला बोंडांचे पुंजके उडालेले. समोरून कापसाने ओसंडणारी ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर येत होता. आम्ही त्याच्यापासून फार तर शंभर पावलांवर असू, तेवढ्यात डावीकडच्या तुरीतून एक रोही उसळून थेट रस्त्यावर आला. नीलगायीचा घोड्याएवढा नर. तो आमच्यापुढे थबकला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. उजवीकडे ट्रॅक्टर, डावीकडे खोल नाली. ब्रेकची थरथर मला पायात जाणवली, कापूस भरलेली ट्रॉली भिंतीसारखी अंगावर आली, आणि मग मला काही दिसलं नाही.

डोळे उघडले तेव्हा रोही मागे होता, ट्रॅक्टर मागे होता आणि गाडी आपल्या बाजूने चालली होती. पुढे एका पळसाखाली ताईंनी ती थांबवली. दोन्ही हात अजून टिकल्यांवरच होते.

"मले वाटलं होतं, शिकलं की भीती जाईन," त्या म्हणाल्या. "कायची जाते! तेवढीच हाये. फक्त हात आयकते आता." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आईले सांगू नोको."

मी संध्याकाळीच सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. रोही, ट्रॅक्टर, नाली, सगळं त्यांनी हात न थांबवता ऐकलं. शेवटी एकच विचारलं.

"तिनं डोये मिटले का?"

"नाही आई. मी मिटले."

त्यांनी सोललेले दाणे एकीकडे सारले. मग म्हणाल्या, "उद्या अल्लीपूरले जाचं आहे मले. तिले सांगजो."

ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी गाडी धुतली, हवा बघून आणली, पुन्हा धुतली. सासूबाई काठी टेकत आल्या, मी मागचं दार उघडलं तर म्हणाल्या, "मी समोर बसतो. मले दिसलं पाह्यजे." आणि जातानाचा सगळा रस्ता त्यांनी रस्त्याकडे बघितलंच नाही. दारावरची कडी धरून, अंग आखडून, लेकीच्या तोंडाकडे बघत बसल्या. ताईंच्या कपाळावर थंडीत घाम होता. ते डिझेलचं वळण आलं. बाभूळ डावीकडून निघून गेली. मावशींच्या दारात उतरताना सासूबाईंनी फक्त पदर सारखा केला.

परतताना वर्धा मागे पडलं आणि सासूबाईंचा हात कडीवरून आपोआप खाली आला. मान एका बाजूला कलली. मी मागून वाकून बघितलं. त्या झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं टाकून. ताईंनी वेग कमी केला. सेलू आलं, आमचं वळण आलं, ताईंनी इंडिकेटर दिला आणि मग बंद केला.

"ताई, घर..."

"झोपली हाये आई," त्या पुटपुटल्या. "थांबलो तं उठन."

गाडी नागपूरच्या रस्त्याने केळझरकडे निघाली. दोन्ही बाजूंना दुपारचं ऊन, मोकळी वावरं. त्यानंतर सासूबाई एवढ्या लांब कुठे गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या राहिल्याही नाहीत. पण त्या दुपारी त्यांनी मधेच डोळे न उघडता विचारलं, "सेलू आलं का वो?"

सेलू तेव्हा मागे आठेक किलोमीटर राहिलं होतं. ताई समोर बघत होत्या, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात हलला नव्हता.

"येऊन राह्यलं, आई," त्या म्हणाल्या. "झोप तू."