मोकळ्या जागेतले दहा फूट

गुलाबभाऊ गिऱ्हाइकाला आधी कागद दाखवत नसत. पांढुर्ण्यात सौसर रोडला त्यांनी कॉलनी काढली, तेव्हा चुन्याच्या रेघांमध्ये चटई टाकायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बसून पाहा. जीव रमला तं प्लॉट घ्या. नाही तं चहा फुकट."

मी त्यांचा मिस्त्री. बाकीचे बिल्डर आधी कमान उभी करतात, भाऊ आधी नाली खोदत. "पाहुणा कमान पाहते मिस्त्री, घरवाली नाली पाहते." पोरांसाठी त्यांनी मधली मोठी जागा मोकळी सोडली होती. एका डॉक्टरांनी तिचा दुप्पट भाव सांगितला. भाऊ म्हणाले, "अन् पोरं काय तुमच्या छातीवर खेळतीन?"

ती जागा मोडायला लावली मी.

माझं घर तिला लागूनच. एकच अंधारी खोली, त्यात माझी सुमन दम्यानं बेजार. खिडकीची एक खोली पुढे काढायला दहा फूट द्या, म्हणून मी भाऊंच्या मागं लागलो. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच दोरी घेऊन आले. "वहिनीसाठी देऊन राहिलो. तुह्यासाठी नाही." पैसा घेतला नाही.

पुढे नगरपालिकेच्या हाती नवे अधिकार आले. कॉलनी मोजायची, मोकळी जागा कमी भरली तर बिल्डरवर केस, उरलेले प्लॉट ताब्यात. कायदा वाईट नव्हता. कितीतरी बिल्डरांनी लोकांना बुडवलं होतं. पण साहेब फीत घेऊन पहिले आले ते आमच्याकडे.

"हे घर पुढे कसं आलं?"

पैसे मोजून घेतलेलं बांधकाम कायद्यात वाचत होतं, फुकटातलं अतिक्रमण ठरत होतं; फुकट दिली म्हटलं असतं तर माझी खोली त्याच दिवशी पडली असती. सुमन आत खोकत होती. भाऊ म्हणाले, "मी विकली साहेब. पैसे खाल्ले. मिस्त्रीले काही माहीत नव्हतं."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

केस झाली, प्लॉट गेले. ज्यांनी त्यांचा चहा प्यायला तेच लोक चोर म्हणू लागले. भाऊ मोहगावला मुलीकडे राहायला गेले. त्या हिवाळ्यात सुमन गेली. दिवस उरकल्यावर मी मोहगावला गेलो.

"भाऊ, आता सांगतो साहेबाले खरं."

"कायले? वहिनीले खिडकी भेटली नं?"

"भेटली."

"मंग बस. चूप राय."

मी तेही ऐकलं. ऐकायला सोपं होतं. दोन महिन्यांनी भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा कुठं माझे पाय नगरपालिकेकडे वळले. सगळं सांगितलं. बाबू भला माणूस, खुर्ची दिली. म्हणाला, "बाबा, माणूस मेला, केस बंद झाली. आता कोणासाठी लिहून घेऊ?"

कॉलनीत अजूनही भाऊंचं नाव निघालं की लोक चोर म्हणतात. म्हणून हे लिहिलं. चोर मी आहे. ती खोली मी बांधली होती. कालपासून मीच पाडून राहिलो.