खांद्यावरची बाही

थंडीच्या तोंडावर बाबांच्या लग्नातल्या सुटाला कोलकात्याच्या विमानतळाजवळच्या, डमडममधल्या आमच्या गच्चीवर ऊन दाखवले, आणि खिशातल्या कलौंजीच्या पुरचुंडीचा उग्र, उबदार वास मला लहानपणीच्या अशाच एका सकाळी घेऊन गेला.

त्या पावसाळ्यात आईच्या शाली कसरीने खाल्ल्या होत्या. धास्तावलेली आई कोट उलटा करून एकेक शिवण बोटांनी चाचपत होती. अस्तर शाबूत निघाले, तशी ती खुलली. शेजारच्या बंगाली मावशींनी, आमच्या माशीमांनी, कसर लागू नये म्हणून दिलेली कलौंजी तिने खिशात ठेवली, कोट सुलटा करून दोरीवर टांगला आणि मऊ ब्रशने त्याचे खांदे हळुवार झाडू लागली.

"मला कधी इतकं गोंजारलं नाहीस!" बाबा म्हणाले.

"अहो, तुम्हाला कुठे कसर लागते? हा नातवाच्या लग्नापर्यंत टिकवायचाय."

मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते. बाबा पोट धरून हसले. तेवढ्यात विमान घरघरत गेले, वारा सुटला आणि कोटाची रिकामी बाही आईच्या खांद्यावर येऊन विसावली. आई चक्क लाजली.

आज लग्नाला उभा असलेला माझा मुलगा तोच कोट घालून समोर येतो.

"आई, मसाल्याचा वास येतोय गं!"

"येऊ दे," म्हणत मी त्याचे खांदे झाडते. हसून तो मला जवळ घेतो. तीच बाही माझ्या खांद्यावर विसावते. आता तिच्यात हात आहे.