पत्रं परत पाठवणारी अक्का

गेल्या महिन्यात फैजपूरहून कार्ड आलं. चारी कोपरे शाबूत होते, म्हणजे कुणी गेल्याची बातमी नव्हती, म्हणून मी निवांतपणे चहाचा घोट घेत वाचायला सुरुवात केली. "चि. जावईबापू यांस अनेक आशीर्वाद. मी गेले..." चहा सरळ नाकात गेला. अक्षर गोदाअक्काचं, सही गोदाअक्काची! बाईनं स्वतःच्या मरणाचं कार्ड वर्षभर आधी लिहून ठेवलं होतं, वाराची जागा तेवढी मोकळी सोडून. माझ्या मेव्हण्यानं तिथं 'गुरुवार' भरलं आणि कार्ड पेटीत टाकलं, एवढंच. शेवटी लिहिलं होतं, "कोपरा मुद्दाम फाडलेला नाही. पूर्ण वाचल्याशिवाय कुणी रडू नये. वाचून झाल्यावर ज्याचं त्यानं ठरवावं." मी आणि माझी बायको इंदू, आम्ही आधी खो खो हसलो आणि मग... मग आम्ही आमचं ठरवलं.

गोदाअक्का म्हणजे इंदूची सख्खी आत्या. लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परतलेली. गल्लीतल्या ज्या बायकांचे नवरे पोटासाठी बाहेरगावी, त्या सगळ्यांची पत्रं अक्का लिहायची आणि आलेली वाचून दाखवायची. सांगणारी कितीही गरीब गाय असो, कागदावर उतरायची ती अक्काच. त्यामुळे फैजपूरच्या त्या गल्लीतले सगळे नवरे, मग ते भुसावळला असोत की भडगावला, एकाच आवाजात दटावले जात. मी धुळ्याला गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. माझी पाळी स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी आली.

गुन्हा माझाच होता. कचेरीतले चार मित्र जेवायला आले होते आणि इंदूनं वांग्याचं भरीत केलं होतं. फैजपूरकडच्या मुलीला एक वेळ कुरूप म्हणा, ती हसून सोडून देईल. तिच्या भरताला नावं ठेवू नका. मी चौघांसमोर ऐटीत म्हणालो, "भरीत खावं तर आमच्या आईच्या हातचं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इंदू माहेरी गेली. गावाकडे जाऊन आईला सांगितलं, तर तिलाही माझी दया आली नाही. म्हणाली, "बठ्ठं तुनंच चुकेल शे!"

पंधरा दिवस ताठ्यात काढल्यावर मी लिफाफा पाठवला. हात कचेरीचा. "आपण विनापरवानगी गैरहजर असून त्वरित रुजू व्हावे." चौथ्या दिवशी तो परत आला. मागे अक्काचा शेरा, "ही नोटीस आहे. इंदूला वाचता येत नाही, म्हणून वाचली. तिला दाखवलेली नाही. पत्र पाठवा." मी चिडलो, मग चंद्र, चांदणं, कमळासारखे डोळे असं दोन पानं लिहून काढलं. तेही परत! "इंदूचा उजवा डोळा जरा बारीक आहे. कमळं दोन सारखी असतात. ज्याला बायकोचे डोळे आठवत नाहीत त्याचं पत्र मी वाचून दाखवणार नाही." तिसऱ्यात मी माझे हाल लिहिले... भात करपतो, सदऱ्याला बटणं नाहीत, अंथरुणात ढेकूण. उत्तर एका ओळीचं, "बायको हवी की गडी हवा, ते स्पष्ट करावे."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. दुपारी खाणावळीत जेवलो आणि तिथंच बाकावर बसून, लिफाफाही न शोधता, साध्या कार्डावर चौथं पत्र खरडलं. जगानं वाचलं तर वाचू दे! आता माझी एक घाणेरडी सवय सांगतो. जेवण झालं की हाताशी असेल त्या कागदाचा कोपरा फाडून मी दात कोरायचो. त्या दिवशी हाताशी काय होतं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. दात स्वच्छ करून, मन मोकळं करून मी कार्ड पेटीत टाकलं आणि कचेरीत जाऊन छान डुलकी काढली.

आणि कार्ड फैजपूरला पोचलं... कोपरा फाटलेलं, धुळ्याचा शिक्का मारलेलं. आपल्याकडे असल्या कार्डात काय असतं ते वाचावं लागत नाही. पोस्टमननं ते दुरूनच ओट्यावर टाकलं. शेजारणीनं पाहिलं आणि टाहो फोडला, "माय व माय! कोपरा फाटेल आहे! धुयाचं कार्ड आहे!" सासरे थेट विहिरीवर आंघोळीला गेले. बायका जमल्या. एकीनं माझ्या गुणांची यादी सुरू केली. ती बरीच लांबली असं ऐकतो आणि त्यातलं निम्मं मला आजवर कुणी तोंडावर सांगितलेलं नाही. इंदू मात्र दगडासारखी बसली होती. कुणीतरी तिचा हात पुढे ओढून बांगड्यांवर पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचललादेखील. तेवढ्यात अक्का मळ्यातून आली.

"कोन वाचलं कार्ड?" तिनं विचारलं.

"वाचाचं काय त्यात, अक्का? दिसत नाही का?"

"मले कोपरा दिसते. मानूस मेलेला दिसत नाही. हात सोड तिचा! पयले वाचा, मंग रडा."

अक्का एवढी का कडाडली, हे मला पुष्कळ वर्षांनी तिनंच सांगितलं, एकदाच, केळीच्या पानावर जेवता जेवता. ती सोळा वर्षांची असताना तिचा नवरा भडगावला नातेवाइकाच्या दुकानात होता. तिकडून कार्ड आलं. लिहिणारा कुणी परका, कोपरा फाडायचं विसरलेला. घरात वाचणारा एकटा दीर, तो लग्नाला गेलेला. अक्कानं ते कार्ड देवापाशी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, मैत्रिणींना बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी दीर आला. "दोन दिवस मी त्याच्या मरनाची पूजा केली, जावईबापू," असं म्हणून तिनं शांतपणे भाताला ताक घातलं. त्यानंतर ती भाच्याच्या पाटीवर अक्षरं शिकली.

तर त्या दुपारी, गल्ली जमलेली, सासरे ओल्या धोतरानं उभे, आणि अक्कानं माझं कार्ड खणखणीत आवाजात वाचलं. "इंदू, भरताबद्दल मी खोटं बोललो. आईचं भरीत खारट असतं, हे आईलाही ठाऊक आहे. मित्रांसमोर बायकोचं कौतुक करायची लाज वाटली, म्हणून तसं बोललो. घरात शिरताना मी अजून 'आलो' म्हणतो. कुणी ओ देत नाही, म्हणून पुन्हा बाहेर जाऊन पुन्हा येतो. शेजारी मला वेडा समजतात. अक्का हेही परत पाठवील. पाठवू दे." माझे गुण सांगणारी बाई म्हणे मध्येच थांबून म्हणाली, "मेला जिता आहे की!" आणि मग हसण्याचा असा कल्लोळ झाला की सासऱ्यांनी पुन्हा एकदा आंघोळ केली, या खेपेला आनंदानं.

इंदू तेव्हा रडली. पण अक्का शेवटच्या ओळीपाशी थांबली होती. तिनं कार्ड इंदूच्या हातात दिलं. "ही ओय गल्लीसाठी नाही. मी तिच्यावरून डोये फिरवले, तेवढंच पाप. तुही ओय तू वाच."

"मले कुठी वाचता येते, आत्या?"

"मंग शिक."

धुळ्यात मला अक्काचा लखोटा मिळाला. या वेळी माझं पत्र आत नव्हतं. "तुमचे पत्र पसंत आहे. परंतु शेवटची ओळ वाचता आल्याखेरीज ती येणार नाही म्हणते. कळ काढा." बायको मिळवायला पत्र लिहिणारे पुष्कळ असतील, बायको बाराखडी संपवीपर्यंत फलाटाकडे डोळे लावून बसलेला मीच. अक्का दर आठवड्याला वर्दी द्यायची, "ग घ झाले." "ळ जमत नाही." त्या ळ पायी माझे बारा दिवस गेले! मी गिरणीच्या फाटकापाशी पोस्टमनला गाठून विचारायचो, "ज्ञ आला का हो?"

पावणेतीन महिन्यांनी आलेला कागद मी कपाटात जपून ठेवला आहे. अक्काचं शेवटचं कार्ड आलं त्या संध्याकाळी इंदूनं तो काढला आणि आम्ही दोघांनी एकाच चष्म्यातून आळीपाळीनं वाचला. अक्षरं केळीच्या घडासारखी एका बाजूला झुकलेली. "तुमी लिवलेली शेवटची ओळ वाचली. परत परत वाचली. मंगळवारच्या गाडीनं येते. टेसनावर या." त्याखाली चार ओळी आणखी आहेत, त्या मी सांगणार नाही. आणि अगदी तळाशी, जागा उरली नव्हती तिथं दाटीवाटीनं, अक्काचं ते सरळ, करारी अक्षर...

"हे पत्र मी वाचलेले नाही. तिने वाचू दिले नाही."